योजना भरपूर, पण आजारी लेकराचा कागद पुढं सरकत नाही. जन्मापासून पहिलीपर्यंत घोडं कुठं अडतं?

धाराशिव : जून महिन्यात जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये नवागतांचं स्वागत होतं. कुठं लेझीम, कुठं बैलगाडीतून मिरवणूक, हातात फुगा आणि नवं पुस्तक. पण गावातली एक-दोन लेकरं या मिरवणुकीत दिसत नाहीत. कुणाच्या काळजाला छिद्र असतं, कुणाला फिट येते, कुणाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, कुणी सातव्या महिन्यातच जन्मलेलं असतं. "त्याला बरं नसतंय, बरं झालं की पाठवू," असं घरचे म्हणतात. "जोखीम कशाला घ्यायची," असं अंगणवाडीत म्हणतात. बघता बघता तीन ते सहा ही वर्षं निघून जातात.

या लेकरांसाठी सरकारी योजना नाहीत, असं अजिबात नाही. उलट मोजायला गेलं तर बोटं पुरायची नाहीत. मग अडतं कुठं? एक योजना संपते आणि दुसरी सुरू होते, त्या मधल्या सांध्यावर अडतं. दवाखान्यातून घरी, घरून अंगणवाडीत, अंगणवाडीतून पहिलीत जाताना लेकराचा कागद पुढं नेणारं कुणी नसतं. कोणत्या सांध्यावर काय होतं, ते एकेक करून पाहू.

सहा वर्षांच्या आत का महत्त्वाचं?

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात (२०२०) म्हटलं आहे की, मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते. म्हणूनच तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा धरला आहे. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून या धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली.

आजारी लेकराला हा काळ दुप्पट महत्त्वाचा असतो. ज्याचं बरंच आयुष्य खाटेवर आणि दवाखान्याच्या बाकावर जातं, त्याला बोलायला, खेळायला, रांगेत बसायला, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकण्याची जागा म्हणजे अंगणवाडी. काळजाचं ऑपरेशन सहाव्या वर्षी चांगलं झालं, तरी तोवर चार लेकरांत कधी बसलेलंच नसेल तर ते पहिलीत मागं पडतं. मग आजार बरा होतो, पण "हे ढ आहे" हा शिक्का राहतो.

"अंगणवाडी" ही कल्पना मूळची महाराष्ट्रातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर ती उभी केली. लेकरू शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ढोरं राखायला जात असेल तर कुरणात न्यायची, हा त्यांचा हिशेब. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. आजारी लेकराच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटा झाला. आधी लेकरानं बरं व्हायचं, मग अंगणवाडीत यायचं.

पहिला सांधा : काचेच्या पेटीतून घरी

समजा, भूम तालुक्यातल्या एका वस्तीवर दिवस भरायच्या दोन महिने आधी मुलगी जन्मली. वजन दीड किलो. (अडीच किलोच्या खाली वजन म्हणजे कमी वजनाचं बाळ.) नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात, म्हणजे लोकांच्या भाषेत "काचेच्या पेटीत", तिला तीन-चार आठवडे ठेवलं. घरी आली, सगळ्यांना हायसं वाटलं.

यानंतर आशाताईच्या ठरलेल्या भेटी असतात. पहिले ४२ दिवस, मग ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. वजन, अंगावरचं दूध, लसीकरण, वरचा आहार हे ती पाहते. ही व्यवस्था बऱ्यापैकी चालते.

पण १५ महिन्यांनंतर आशाताईच्या या ठरलेल्या गृहभेटी संपतात. अंगणवाडीत बसायचं वय तीन वर्षं. मधल्या पावणेदोन वर्षांत अंगणवाडीत महिन्याचं वजन आणि घरी नेण्याचा आहार, एवढाच संबंध उरतो. लेकरू चालायला आणि बोलायला लागतं ते नेमकं याच काळात, आणि उशीर होतोय हे कळतं तेही याच काळात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी "नवचेतना" आणि तीन ते सहासाठी "आधारशिला" हे अभ्यासक्रम आणले. नवचेतनामध्ये घरच्या घरी करायचे खेळ महिनावार दिले आहेत. पण ते घरापर्यंत पोचवायचं काम पुन्हा त्याच सेविकेकडे.

इथं दोन गोष्टी पालकांनी लक्षात ठेवाव्यात. एक, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत ठरलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजायचं. दोन महिने आधी जन्मलेली मुलगी आठ महिन्यांची झाली, तर तिची तुलना सहा महिन्यांच्या बाळाशी करायची. हे माहीत नसलं की उगाच घाबरगुंडी होते. दुसरी, ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिनाभराच्या आत तपासून घ्यावा लागतो. तो चुकला तर नजर कायमची जाऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेलं असेल, तरी ते वाचून सांगणारं कुणीतरी लागतं.

दुसरा सांधा : तपासणीच्या दिवशी गैरहजर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघर इथून सुरू झाला. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर अशा चार गोष्टी जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासायच्या. पथकात दोन डॉक्टर, एक औषध निर्माण अधिकारी आणि एक नर्स. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. काळजाचं छिद्र, फाटलेला ओठ, वाकडे पाय यांवर पुढचे उपचार आणि शस्त्रक्रियाही मोफत होतात. हजार बाळांमागे साधारण आठ ते दहा बाळांच्या काळजात जन्मतः काही ना काही दोष असतो, म्हणजे मोठ्या गावात असं एखादं तरी लेकरू असणारच.

पण पथक येतं त्या दिवशी अंगणवाडीत कोण असतं? धडधाकट लेकरं. जे सारखं आजारी, तेच त्या दिवशी घरी किंवा दवाखान्यात. म्हणजे ज्याच्यासाठी गाडी आली, तेच तपासायचं राहून जातं. पट भरला, तपासणी झाली, अहवाल गेला. लेकराचं मात्र पुढच्या सहा महिन्यांवर गेलं. यावरचा उपाय साधा आहे. पथकाची तारीख आधी वस्तीवर कळवायची आणि गैरहजर आजारी लेकरांची यादी सेविकेनं आणि आशाताईनं पथकाच्या हातात द्यायची. पालकांनीही तारीख विचारून ठेवायला हरकत नाही.

घरच्यांनी काय ओळखावं? दूध पिताना बाळाला घाम फुटतो, दम लागतो, वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो, ओठ किंवा नखं निळी पडतात, थोडं मोठं झाल्यावर खेळता खेळता मध्येच उकिडवं बसतं, ही काळजाच्या आजाराची लक्षणं असू शकतात. "अशक्त आहे" म्हणून टॉनिक पाजत बसण्याआधी छाती तपासून घ्यावी.

तिसरा सांधा : कागद एका जिल्ह्यात, उपचार दुसऱ्या

आपल्या जिल्ह्याची ही खास अडचण. परंड्याच्या माणसाला बार्शी जवळ, कळंबच्या माणसाला लातूर किंवा अंबाजोगाई, उमरग्याच्या आणि तुळजापूरच्या माणसाला सोलापूर. आता धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, पण लोक एसटीच्या सोयीनं आणि ओळखीच्या डॉक्टरकडं जातात. काळजाच्या ऑपरेशनला तर पुणे-मुंबईच गाठावी लागते.

यात गैर काही नाही. पण उपचार झाल्यावर त्या दवाखान्याचा कागद गावाच्या अंगणवाडीपर्यंत येत नाही. अंगणवाडीची नोंद पोषण ट्रॅकरवर, शाळेची नोंद यूडायसवर, दवाखान्याची नोंद दवाखान्यात. तिन्ही मोबाइल-कॉम्प्युटरवर आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत. पोषण ट्रॅकरला लेकराची उंची, वजन आणि हजेरी कळते. ते निम्म्या महिन्यात का आलं नाही, हे कळत नाही.

धाराशिव हा २०१८ पासून देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोलीसोबत त्याची निवड झाली. या कार्यक्रमात जिल्ह्याच्या गुणांपैकी आरोग्य-पोषणाला ३० टक्के आणि शिक्षणाला ३० टक्के वजन आहे. त्यामुळं अंगणवाड्या, वजनं, लसीकरण यांची मोजदाद कडक झाली, ही जमेची बाजू. मात्र एकच लेकरू जन्मापासून पहिलीपर्यंत न सुटता पोचलं का, हे अशा टक्केवारीतून दिसत नाही.

चौथा सांधा : ऊसतोडीची पेटी भरली की

भूम, परंडा, वाशी, कळंब या भागातून दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. तीन-चार वर्षांचं लेकरू मात्र आई-बापाबरोबर कोप्यावरच जातं. फिटच्या गोळ्या चुकल्या, रक्त चढवायची तारीख चुकली, धुरानं आणि थंडीनं दमा वाढला की चार महिन्यांत केलेली कमाई एका दवाखान्यात जाते.

स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवायची सोय पोषण ट्रॅकरमध्ये आहे. त्यासाठी निघण्याआधी सेविकेला सांगावं लागतं आणि तिकडं पोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत हजर व्हावं लागतं. आजारी लेकरू सोबत असेल तर मुकादमाशी उचल ठरवतानाच कारखान्याच्या जवळचा सरकारी दवाखाना कोणता, हेही विचारून ठेवावं. गोळ्या महिन्याऐवजी दोन महिन्यांच्या मिळतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारावं.

पाचवा सांधा : दिव्यांग म्हणावं की नाही?

नेमकं इथं घोडं पेंड खातं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, सेरेब्रल पाल्सी त्यात आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण काळजाचा आजार, बालवयातला मधुमेह, दमा, किडनीचा आजार हे त्या २१ मध्ये नाहीत. ही लेकरं धड निरोगी नाहीत आणि कायद्याच्या भाषेत दिव्यांगही नाहीत. प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, आणि आजारी म्हणून पटावर असूनही वर्गात नाहीत.

आणखी एक गोम आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांचा. सहाच्या आतल्या शिक्षणासाठी राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये सरकारनं प्रयत्न करावा, एवढंच म्हटलं आहे. म्हणजे पाच वर्षांच्या आजारी लेकराला अंगणवाडीत "नको आणू" म्हटलं, तर कायद्याचा दांडका उगारता येत नाही.

२८ नोव्हेंबर २०२३ ला केंद्रानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला. लवकर ओळखणं, सगळ्यांमध्ये सामावून घेणं आणि आशा-नर्स-बाल स्वास्थ्य पथकामार्फत पुढं पाठवणं, असे त्यात तीन टप्पे आहेत. दिशा चांगली आहे. दीर्घ आजाराच्या लेकरांनाही हेच टप्पे लागू केले तर वेगळी योजना काढायची गरज नाही.

सेविकेवर सगळं ढकलून चालेल का?

सेविका घाबरते, हे खरं. पण का घाबरते, तेही बघायला हवं. वजन-उंची, आहार, ट्रॅकर, सर्व्हे, लसीकरणाला बाया गोळा करणं, आणि उरलेल्या वेळात शिकवणं. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी पन्नास दिवसांहून जास्त संप केला. मागण्या मानधनाच्या, पेन्शनच्या, ग्रॅच्युइटीच्या होत्या. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निकाल दिला होता.

अशा बाईच्या हातात फिट येणारं लेकरू दिलं आणि काय करायचं हे लिहून दिलं नाही, तर ती "नको" म्हणणारच. उद्या काही झालं तर गाव तिलाच धरणार. पण तेच लिहून दिलं, तर गोष्ट अवघड नाही. फिट आली तर लेकराला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन करायचा. मधुमेहाचं लेकरू थरथरायला लागलं, घामेघूम झालं तर शुद्धीवर असताना लगेच साखरपाणी द्यायचं आणि घरच्यांना बोलवायचं. काळजाचं लेकरू दमलं तर बसू द्यायचं, पळायला लावायचं नाही. बडबडगीत, ठोकळे, चित्रं सगळं त्याला जमतं. अंगावर सूज येणाऱ्या किडनीच्या आजारात मीठ कमी. हे शिकायला डिग्री लागत नाही.

बाहेर हा सांधा कसा जोडतात?

अमेरिकेत तीन वर्षांखालच्या विकासात मागं असलेल्या लेकरांची सेवा वेगळी आणि तीन वर्षांनंतरची शाळापूर्व सेवा वेगळी, आपल्यासारखीच. पण तिथल्या कायद्यात लिहिलं आहे की, तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी जुने आणि नवे लोक पालकांसोबत बसून पुढचं ठरवतील. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानं आजारी विद्यार्थ्यांना आधार देणं शाळांना बंधनकारक केलं.

त्यांच्याकडं पैसा आहे, हे मान्य. पण ९० दिवस आधी चार माणसांनी एकत्र बसायला पैसा लागत नाही. आपल्याकडं तशी जागाही तयार आहे. पहिलीच्या आधी गावोगाव शाळापूर्व तयारी मेळावा होतो. नोंदणी, शारीरिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, पालकांना मार्गदर्शन अशी टेबलं मांडतात. शारीरिक विकासाच्या टेबलावर लेकराला उड्या मारायला लावतात. त्याच ठिकाणी "याला कोणता आजार आहे का, गोळ्या कोणत्या, काय जपायचं" एवढं विचारून कागदावर घेतलं आणि तो कागद सेविकेनं पहिलीच्या गुरुजींच्या हातात दिला, तर एक सांधा त्याच दिवशी जोडला जातो.

गावानं काय मागावं?

जिल्हा परिषदेनं आदेश काढायची वाट न बघता गावपातळीवर चार गोष्टी होऊ शकतात.

१) एका पानाचा कागद : लेकराचं नाव, आजार, गोळीचं नाव आणि वेळ, काय टाळायचं, काय करू द्यायचं, धोक्याची खूण कोणती, फोन कुणाला. डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्यावा. एक प्रत घरी, एक अंगणवाडीत, एक आशाताईकडं. माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून ठेवला तर हरवत नाही. ऊसतोडीला जाताना तोच सोबत न्यावा.

२) बैठक : लेकरू तीन वर्षांचं व्हायच्या आधी एकदा आणि पहिलीत जायच्या आधी एकदा पालक, सेविका, आशाताई, नर्सबाई आणि गुरुजींनी अर्धा तास एकत्र बसावं.

३) पैसा : ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गावच्या आरोग्य-पोषण समितीलाही दरवर्षी अबंधित निधी येतो. अंगणवाडीला उतार, हात धुवायला नळ, स्वयंपाकाचा धूर बाहेर काढायची सोय, थर्मामीटर यांचा खर्च यातून भागू शकतो. सगळाच निधी साहित्य वाटपावर जात असेल, तर १ मेच्या ग्रामसभेत विचारायला हवं.

४) निम्मे दिवस तर निम्मे दिवस : रोज येणं जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस, दोन तास, आई सोबत बसून. जे लेकरू येऊच शकत नाही, त्याच्या घरी सेविकेच्या गृहभेटीत खेळ पोचावेत. सहा वर्षांनंतर अतितीव्र दिव्यांग मुलांना समग्र शिक्षा अभियानात घरी शिकवण्याची तरतूद आहे. त्याची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी करावी.

महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीला पात्र ठरतं. म्हणजे कोणतं लेकरू कोणत्या जूनमध्ये शाळेत जाणार, हे अंगणवाडीच्या रजिस्टरवरून आजच सांगता येतं. त्यातलं कोण आजारी आहे, हेही गावाला पाठ असतं. प्रत्येक केंद्रप्रमुखानं आणि पर्यवेक्षिकेनं मिळून अशा लेकरांची गाववार यादी एप्रिलच्या आत केली, तर जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांचा आकडा पहिल्यांदाच समोर येईल. तो लहानच असेल. लहान आहे म्हणूनच, मनावर घेतलं तर त्यातल्या एकेका लेकराच्या घरी जाणं अवघड नाही.